झडती यंत्र घेईल; यंत्राची झडती कोण घेणार?

विमानप्रवास ही आता फक्त मुंबई-पुण्याच्या लोकांची चैन राहिलेली नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये 'उडान' योजनेतली पहिली विमानं सुटली, त्यात नांदेड-हैदराबाद हे एक होतं. त्याच वर्षी शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. पुढे जळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्गातलं चिपी आणि २०२५ मध्ये अमरावती आणि सोलापूर इथूनही विमानं उडू लागली. लेक बंगळुरूला नोकरीला, सून हैदराबादची, नातवाच्या बारशाला जायचं, सासूबाईंना एकदा काशी दाखवायची. अशी कितीतरी निमित्तं. त्यामुळे आयुष्यभर एस.टी.च्या खिडकीशी बसून प्रवास केलेल्या बायकाही आता विमानतळाच्या काचेच्या दारातून आत जातात. ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे.

पण या काचेच्या दारापाशी जे काही बदलतं आहे, त्याबद्दल आपल्याशी कुणी बोलतच नाही. आतापर्यंत विमानतळावरची तपासणी कशी होती? धातूची चौकट, तिच्यातून जायचं. मग पडदा लावलेल्या खोलीत एक महिला कर्मचारी हातातलं यंत्र अंगावरून फिरवते, थोडं चाचपून बघते आणि बोर्डिंग पासवर शिक्का मारते. आता या कामात नवी स्वयंचलित यंत्रं येत आहेत. अंग तपासणारी यंत्रं, चेहरा ओळखणारी दारं, बॅगेचं चहूबाजूंनी चित्र काढणारे स्कॅनर. आपल्या नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने २०१९ च्या एप्रिलमध्येच देशातल्या ८४ विमानतळांवर 'बॉडी स्कॅनर' बसवायला सांगितलं होतं. मग करोना आला, मुदती पुढे गेल्या. २०२५ च्या मे महिन्यात दिल्ली विमानतळाने या यंत्रांची नव्याने चाचणी जाहीर केली. एका माणसाला तीन सेकंद, तासाला बाराशे माणसं, असं सांगण्यात आलं. आज दिल्लीत आहे ते उद्या आपल्या गावच्या छोट्या विमानतळावर येणारच. म्हणूनच आजच त्याचा विचार करायला हवा.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा, "ताई, त्या यंत्रात म्हणे कपड्यांच्या आतलं सगळं दिसतं?" दुसरीने लगेच विचारलं, "आणि पोटुशी बाई असली तर? बाळाला काही होत नाही ना?" या प्रश्नांना हसू नये. ते अगदी रास्त आहेत आणि त्यांची उत्तरंही साधी आहेत.

जुनी चौकट फक्त धातू ओळखते. पावडर, प्लॅस्टिक, रबर तिला कळत नाही. २००९ च्या नाताळात ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात शिवून स्फोटक पावडर नेली होती. नशिबाने तिचा नीट स्फोट झाला नाही आणि विमान वाचलं. त्यानंतर जगभर अंग तपासणाऱ्या यंत्रांची घाई सुरू झाली. आज जी यंत्रं वापरतात, त्यातल्या रेडिओसारख्या बारीक लहरी कपड्यांतून पार जातात आणि त्वचेवर आपटून परत येतात. त्या शरीराच्या आत शिरत नाहीत. हा एक्स-रे नव्हे. त्यामुळे पोटातलं बाळ, तांबी किंवा गुडघ्यातली वाटी यातलं काहीही त्या यंत्राला दिसत नाही. कपडे आणि त्वचा यांच्यामध्ये काही आहे का, एवढंच ते बघतं.

'सगळं दिसतं' ही भीती मात्र हवेतून आलेली नाही. अमेरिकेत सुरुवातीला जी यंत्रं आली, त्यांच्या पडद्यावर माणसाची खरोखर उघडी वाटावी अशी आकृती यायची. वेगळ्या खोलीत बसलेला कर्मचारी ती बघायचा. लोकांनी, विशेषतः बायकांनी, आरडाओरडा केला. मग २०११ मध्ये यंत्रात सुधारणा झाली. माणसाचं चित्र गेलं आणि त्या जागी सगळ्यांसाठी एकच, लहान मुलं काढतात तशी बाहुलीची आकृती आली. संशयाच्या जागी एक पिवळा चौकोन उमटतो, बस्स. तिथे एक्स-रे वापरणारी दुसऱ्या प्रकारची यंत्रंही होती. ती ठरलेल्या मुदतीत ही सुधारणा करू शकली नाहीत, म्हणून २०१३ पर्यंत विमानतळांवरून काढून टाकली गेली. युरोपने तर २०११ मध्येच एक्स-रेची यंत्रं नाकारली होती.

मैत्रिणींनो, या हकिकतीतून मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. यंत्र आपोआप सुधारत नाही. कुणीतरी तोंड उघडतं तेव्हा ते सुधारतं.

आता पुढचा प्रश्न. यंत्र संशयाचा पिवळा चौकोन कुणाच्या अंगावर जास्त काढतं? अमेरिकेत २०१९ मध्ये पत्रकारांनी हे शोधून काढलं, की कृष्णवर्णीय स्त्रियांच्या दाट कुरळ्या केसांवर, वेण्यांवर हे यंत्र वारंवार शंका घेतं. मग भर गर्दीत त्यांच्या केसांत बोटं घालून तपासणी! पगडी घालणारे शीख, विग घालणाऱ्या बायका यांचीही तीच रड. शिवाय तिथे यंत्र सुरू करण्यापूर्वी कर्मचाऱ्याला 'बाई' की 'पुरुष' यासाठी गुलाबी किंवा निळं बटण दाबावं लागे. समोरची व्यक्ती तृतीयपंथी असली की यंत्राचा हिशेब चुके आणि तिची शोभा होई. ही बटणाची पद्धत बदलण्याची घोषणा व्हायला २०२२ साल उजाडावं लागलं.

म्हणजे काय, तर यंत्र ज्या प्रकारच्या माणसांवर आधी पारखलं जातं, त्याच माणसांना ते नीट ओळखतं. बाकीच्यांना ते संशयित ठरवतं. यात यंत्राचा दुष्टपणा नसतो. पारखणाऱ्याने ज्यांचा विचारच केला नाही, त्यांच्या वाट्याला हे येतं.

आता आपल्या बायकांचा विचार करा. सहावारी साडीच्या निऱ्यांच्या पाच-सात घड्या पोटाशी खोचलेल्या. खांद्यावर सेफ्टी पिन, कमरेला परकराची नाडी, तिची गाठ. अंबाड्यात आकडे, वर गजरा. गळ्यात मंगळसूत्र, पायात जोडवी, हातभर बांगड्या. एखादीची नऊवारी, एखादीचा बुरखा, एखादीने पदराच्या टोकाला नोटा बांधलेल्या. पाळी चालू असेल तर पॅड. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर ब्लाउजमध्ये बसवलेला कृत्रिम भाग. पट्टा बांधलेली कंबर, प्लास्टर घातलेला हात. परदेशातल्या प्रयोगशाळेत पँट-शर्टवर पारखलेलं यंत्र हे सगळं कसं वाचणार आहे? आपल्याकडे चाचणी होते तेव्हा साडीतल्या किती बायका त्यातून गेल्या, त्यांच्यापैकी किती जणींवर विनाकारण चौकोन उमटला, हे आकडे जाहीर व्हायला नकोत का? तीन सेकंदांचा गाजावाजा होतो. पण त्या तीन सेकंदांनंतर परत पडद्याआड बोलावल्या गेलेल्या बाईची पंधरा मिनिटं कुणी मोजतं का?

मी यंत्राच्या विरोधात नाही, हे इथे स्पष्ट सांगते. उलट चांगलं यंत्र बाईची लाज राखू शकतं. नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये केलेलं निवेदन अनेकींना आठवत असेल. अपघातात पाय गमावूनही नाचून दाखवणारी ही बाई. पण प्रत्येक विमानतळावर तिला कृत्रिम पाय काढून दाखवायला लावत. तिने जाहीरपणे ही व्यथा मांडली, तेव्हा सुरक्षा दलाने माफी मागितली. त्यानंतर काही महिन्यांनी, २०२२ च्या मार्चमध्ये, गुवाहाटीला चाकांच्या खुर्चीवरच्या ऐंशी वर्षांच्या आजींना, खुब्यात धातू बसवलेला असल्यामुळे, कपडे उतरवायला सांगितल्याची तक्रार झाली आणि संबंधित महिला कर्मचाऱ्याला निलंबित केलं गेलं. म्हणजे माणसाच्या हातूनही अपमान होतोच. बाईच्या हातून बाईचाही होतो. असं यंत्र नीट चाललं, तर अंगाला हात न लावता खात्री होईल. गुडघे बदललेल्या किती आज्यांना त्या चौकटीच्या 'टूंऽऽ' आवाजापासून सुटका मिळेल! म्हणून यंत्र नकोच, असं म्हणणं सोपं असलं तरी शहाणपणाचं नाही.

मुद्दा आहे तो छोट्या विमानतळांचा. नवं काही करून बघायला छोटी जागा सोयीची पडते. गर्दी कमी, यंत्रं थोडी, बदल झटपट. पण प्रयोगाचा त्रासही मग छोट्या गावांनाच. याचं बोलकं उदाहरण इंग्लंडचं आहे. तिथे बॅग तपासायचे नवे स्कॅनर आले. बॅगेतून बाटल्या, लॅपटॉप बाहेर काढायला नको, शंभर मिलीऐवजी दोन लिटरपर्यंत पातळ पदार्थ नेता येईल, अशी सोय. २०२३ च्या मार्चमध्ये टीसाइड या लहान विमानतळावर ही सुरुवात झाली, पाठोपाठ लंडन सिटी. मोठ्या विमानतळांना ही अवजड यंत्रं बसवायला जमीन मजबूत करण्यापासून तयारी होती, ते मागे राहिले. लहान विमानतळांनी पैसे खर्च केले, लोकांना नव्या सवयी लावल्या. आणि २०२४ च्या जूनमध्ये सरकारने सांगितलं, यंत्रणेत सुधारणा करायच्या आहेत, तूर्त पुन्हा शंभर मिलीचाच नियम! हा हुकूम सहा विमानतळांना होता, आणि ते सगळे नवी यंत्रं आधी बसवणाऱ्यांपैकीच. पुढे २०२५ मध्ये एकेका विमानतळाला पुन्हा सूट मिळू लागली. मधल्या काळात गोंधळ कुणाचा झाला? साध्या प्रवाशांचा.

तिथले लोक वर्षातून चारदा विमानात बसणारे. आपल्याकडची बाई आयुष्यात पहिल्यांदा निघालेली. लोणच्याची बरणी, तुपाचा डबा, सासूबाईंचं औषध बरोबर घेऊन. आज एक नियम, उद्या दुसरा, सूचना इंग्रजी-हिंदीत आणि मागून 'जल्दी करो' म्हणणारी रांग. तिचं काय होईल?

दुसरं यंत्र म्हणजे चेहरा ओळखणारं दार, 'डिजियात्रा'. २०२२ च्या १ डिसेंबरला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसी इथे ते सुरू झालं, २०२३ मध्ये पुणे आणि मुंबईत आलं, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये गोव्यातल्या दाबोळीसह रांची, रायपूर, पाटणा अशा आणखी नऊ ठिकाणी. मोबाइलवर ॲप घ्यायचं, आधार जोडायचं, आपला फोटो काढायचा. मग दारात उभं राहिलं की कॅमेरा ओळखतो आणि दार उघडतं. ते सक्तीचं नाही. माहिती आपल्याच फोनमध्ये राहते आणि विमानतळाकडे गेलेली माहिती विमान सुटल्यावर चोवीस तासांत पुसली जाते, असं सांगितलं जातं. चांगलंच आहे. पण सक्ती नाही हे आपल्याला सांगतं कोण? सुरुवातीच्या काळात दारातच उभं करून, नीट न विचारता फोटो काढून नोंदणी केल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांत आल्या होत्या. गणवेशातल्या माणसाने 'मॅडम, इकडे बघा' म्हटलं, की आपण बघतोच. नाही म्हणायची सवय आपल्याला घरात नाही, तर विमानतळावर कुठून येणार?

शिवाय फोनचा प्रश्न आहेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्केच होत्या. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या फक्त ३३ टक्के. पुरुषांमध्ये हेच प्रमाण ५७ टक्के होतं. ज्या घरात एकच चांगला फोन असतो, तो कुणाच्या खिशात असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. मग उद्या झटपट दार त्यांच्यासाठी आणि लांबलचक रांग आपल्यासाठी, असं होणार का? चेहरा ओळखण्यातही गोम आहे. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने २०१९ मध्ये १८९ प्रणाली तपासल्या, तेव्हा अनेक प्रणालींमध्ये एकाला दुसराच समजण्याची चूक पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या बाबतीत जास्त दिसली. प्रणाली आता सुधारल्या आहेत. पण सुधारल्याचा दाखला आपल्या चेहऱ्यांवर, आपल्या कुंकवा-टिकलीवर, डोक्यावरच्या पदरावर तपासून मिळायला हवा.

आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. यंत्र आलं की माणसं कमी होतात. २०२२ मध्ये देशातल्या ५० विमानतळांवरची केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची ३,०४९ पदं रद्द करून त्यांच्या जागी १,९२४ खासगी सुरक्षारक्षक, कॅमेरे आणि बॅग स्कॅनर अशी व्यवस्था ठरली. या दलात स्त्रियांचं प्रमाण २०२४ मध्ये सात टक्क्यांच्या आसपास होतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दलाच्या पहिल्या महिला बटालियनला मंजुरी मिळाली, हजाराहून जास्त जणींची. गावोगावच्या मुली पोलीस भरतीसाठी पहाटे उठून मैदानावर धावतात, त्यांच्यासाठी ही दारं उघडत आहेत. विमानतळावरची नोकरी त्यांना मानाची वाटते. यंत्राच्या नावाखाली हीच दारं अर्धी लोटली जाऊ नयेत. कारण यंत्राने चौकोन काढला, की पुढे शेवटी बाईच लागते. बाईची झडती बाईनेच आणि आडोशालाच घ्यायची, हा आपल्याकडचा नियम यंत्र आलं म्हणून मोडीत निघत नाही. छोट्या विमानतळावर दिवसाला दोन-चार विमानं. तिथे 'यंत्र आहे ना, मग एकच महिला कर्मचारी पुरे' असा हिशेब झाला आणि तीच नेमकी रजेवर असली, तर?

काय करावं, हे सांगायला मी तंत्रज्ञ नाही. घर सांभाळून चार बायकांची कामं करणारी बाई आहे. पण काही गोष्टी सांगायला तंत्रज्ञ असावं लागत नाही. यंत्राची चाचणी होताना साडीतल्या, बुरख्यातल्या, गरोदर, अपंग, म्हाताऱ्या अशा सगळ्या बायकांना त्यात घ्या, त्यांच्या संमतीने. चाचणीचे आकडे जाहीर करा, चुकीच्या इशाऱ्यांसकट. 'मला यंत्र नको, महिला कर्मचाऱ्याकडून तपासा' म्हणण्याची मुभा असेल तर ती ठळक मराठीत दारावर लिहा. ज्या भागातलं विमानतळ, त्या भागाची भाषा. ज्याच्याकडे फोन नाही, त्याची रांग तितक्याच वेगाने हलली पाहिजे. आणि तक्रारीची वही समोर ठेवा, आतल्या कपाटात नको. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. माझा फोटो कुठे गेला, कधी पुसला, हे विचारायचा हक्क कागदावर आला आहे. तो वापरला नाही, तर तो कागदावरच राहील.

आपल्या बाजूनेही थोडी तयारी हवी. विमानाच्या दिवशी सेफ्टी पिना, आकडे, जाड दागिने कमीत कमी ठेवा. कृत्रिम अवयव, शस्त्रक्रिया, गरोदरपण यांचे कागद बॅगेत वरच ठेवा आणि तपासणीपूर्वी स्वतःहून, हळू आवाजात महिला कर्मचाऱ्याला सांगा. काही दाखवायची वेळ आलीच तर 'आडोशाला आणि बाईसमोरच' असं शांतपणे म्हणा. त्यात उद्धटपणा काही नाही. कॅमेऱ्यासमोर उभं करताना 'हे कशासाठी?' विचारा. आणि आपल्या आई, सासूबाई एकट्या निघाल्या असतील, तर त्यांना हे सगळं आदल्या रात्री समजावून सांगा. आपण लाडवांचे डबे भरून देतो, चार शब्दही बरोबर देऊ या.

आपल्याला काही सुरक्षा नको आहे असं नाही. विमानात आपलीच लेकरं बसतात. पण सुरक्षेच्या दारात बाईने मान खाली घालून उभं राहावं, असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. जत्रेत, दवाखान्यात, कचेरीत, जिथे जिथे नवी व्यवस्था आली, तिथे तिथे बायकांची सोय शेवटी आठवली. कितीतरी बसस्थानकांवर फलाट आधी झाले आणि बायकांचं स्वच्छतागृह मागून आलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. विमानतळ आपल्या गावात नवे आहेत, यंत्रं तर अजून यायची आहेत. या वेळी तरी ती बसवण्यापूर्वी आपल्याला विचारा, असं आपण म्हणू शकतो. तुमच्या जिल्ह्यात विमानतळ असेल, तर त्याच्या सल्लागार समितीत किती स्त्रिया आहेत, हे आपल्या खासदाराला एक साधं पत्र लिहून विचारा. महिला मंडळाच्या लेटरहेडवर लिहिलंत, तर आणखी उत्तम. एका पत्राने काय होणार, असं म्हणू नका. त्या पिवळ्या चौकोनामागेही अशाच कितीतरी बायकांच्या तक्रारी होत्या.